गोठलेल्या धरणावर मासेमारी कशी होते? युटामधील जलाशय, त्यांतले मासे आणि बर्फाचा भरवसा

अमेरिकेच्या युटा राज्यातील डोंगराळ भागातली धरणे डिसेंबरपासून गोठू लागतात. उन्हाळ्यात जिथे होड्या फिरतात, तिथे माणसे घसरगाडीवर सामान ओढत चालत जातात, बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. कोणत्या जलाशयात काय लागेल, याची चर्चा दर हिवाळ्यात रंगते. त्याचे उत्तर मात्र हवामानापेक्षा त्या धरणाच्या इतिहासात जास्त सापडते. धरण माणसाने बांधलेले असते आणि त्यातले बरेचसे मासेही माणसानेच सोडलेले असतात; काही ठरवून, तर काही चोरून.

बर्फाखाली मासे जगतात कसे?

पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सियसला. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. त्यामुळे बर्फाला लागून पाणी शून्य अंशाच्या आसपास, तर तळाशी ४ अंशांच्या जवळ असते. मासे थंड रक्ताचे असल्याने त्यांचे शरीर या काळात मंदावते. ते कमी हालचाल करतात, कमी खातात आणि आमिषामागे लांबवर धावत नाहीत. म्हणूनच हिवाळ्यात लहान आमिष, बारीक दोर आणि गळाला हलकेच दिलेले झटके उपयोगी पडतात.

खरी अडचण प्राणवायूची असते. बर्फाचे झाकण बसले की हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळत नाही. वर बर्फवृष्टीचा थर साचला तर उजेडही अडतो, पाणवनस्पती मरतात आणि त्या कुजताना उरलेला प्राणवायू खर्ची पडतो. उथळ जलाशयांत यामुळे कधी कधी मोठ्या संख्येने मासे मरतात. पहिला भरवशाचा बर्फ धरल्यानंतरचे काही आठवडे मासेमारीला सर्वांत चांगले मानले जातात, त्यामागे हेही एक कारण आहे. हिवाळा सरत आला आणि वितळलेले पाणी आत येऊ लागले की मासे पुन्हा हालचाल करू लागतात. पण तोवर बर्फ कच्चा झालेला असतो.

स्ट्रॉबेरी जलाशयात काय मिळते?

समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवरचा स्ट्रॉबेरी हा राज्यातला सर्वांत लोकप्रिय मासेमारी जलाशयांपैकी एक. इथे प्रामुख्याने कटथ्रोट ट्राउट, रेनबो ट्राउट आणि कोकनी सॅमन हे तीन मासे मिळतात. कोकनी म्हणजे समुद्रात न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारा सॉकाय सॅमन. तो सूक्ष्म प्लवक खातो आणि तळाशी न राहता मधल्या पाण्यात थव्याने फिरतो, त्यामुळे तो शोधायला बहुतेक जण सोनार यंत्र वापरतात. त्याचे तोंड नाजूक असल्याने जोरात ओढल्यास गळ सुटतो.

आजचा स्ट्रॉबेरी घडला तो १९९० मध्ये. त्याआधी युटा चब आणि युटा सकर हे मासे जलाशयात इतके माजले होते की ट्राउटला पुरेसे अन्न उरेना. अखेर राज्याच्या वन्यजीव विभागाने संपूर्ण जलाशयात रोटेनोन हे माशांचा श्वास रोखणारे, वनस्पतींच्या मुळांपासून मिळणारे द्रव्य मिसळले. अशा प्रकारच्या तोपर्यंतच्या सर्वांत मोठ्या मोहिमांपैकी ही एक होती. त्यानंतर बेअर लेक या सरोवरातील वाणाचा कटथ्रोट सोडण्यात आला, कारण हा ट्राउट मोठा झाल्यावर चबसारखे मासे खातो.

इथल्या एका नियमाचा अर्थ त्यातूनच लागतो. १५ ते २२ इंच, म्हणजे साधारण ३८ ते ५६ सेंटिमीटर लांबीचा कटथ्रोट लागला तर तो पाण्यात परत सोडावा लागतो. याच आकाराचे मासे चबची संख्या आटोक्यात ठेवतात. तो मासा घरी नेणे म्हणजे जलाशयाचा राखणदारच उचलून नेणे.

स्कोफिल्ड आणि रॉकपोर्टचे वेगळेपण काय?

स्कोफिल्ड जलाशयालाही चबने ग्रासले. तिथे विष न वापरता शिकारी मासे सोडण्याचा मार्ग निवडला गेला. ब्राउन आणि ब्रुक या दोन ट्राउटच्या संकरातून झालेला टायगर ट्राउट आणि नॉर्दर्न पाइक व मस्केलंज यांच्या संकरातून झालेला टायगर मस्की हे त्यातले दोन. दोन्ही वांझ असल्याने त्यांची संख्या किती ठेवायची, हे सोडणाऱ्याच्या हातात राहते.

रॉकपोर्ट आणि एको हे वेबर नदीवरचे जलाशय यलो पर्चसाठी ओळखले जातात. हा मासा आकाराने लहान, पण चवीला उत्तम. तो तळाजवळ थव्याने राहतो, त्यामुळे एक लागला की त्याच भोकातून आणखी काही मिळण्याची शक्यता असते. मुलांना घेऊन जाणारी कुटुंबे म्हणूनच पर्चच्या जलाशयांना पसंती देतात.

फ्लेमिंग गॉर्जमध्ये बर्बोटचा प्रश्न काय आहे?

युटा आणि वायोमिंगच्या सीमेवर, ग्रीन नदीवरचे फ्लेमिंग गॉर्ज धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. इथले खोल पाणी लेक ट्राउटला मानवते. १९८८ मध्ये इथेच पकडलेला ५१ पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे २३ किलो वजनाचा लेक ट्राउट हा राज्याचा विक्रम आहे.

बर्बोट हा मासा मात्र इथे कोणी अधिकृतपणे सोडलेला नाही. कॉड कुळातला हा गोड्या पाण्यातला एकमेव मासा वायोमिंगच्या दुसऱ्या नदीखोऱ्यातला. तो चोरून ग्रीन नदीच्या खोऱ्यात आणला गेला आणि २००६ मध्ये फ्लेमिंग गॉर्जमध्ये आढळला. बर्बोट ऐन हिवाळ्यात, बर्फाखालीच अंडी घालतो आणि रात्री शिकार करतो. इतर माशांची पिल्ले तो फस्त करतो. त्यामुळे इथे बर्बोट पकडण्यावर संख्येची मर्यादा नाही. उलट पकडलेला बर्बोट जिवंत सोडायला मनाई आहे. काळोखात चमकणारी आमिषे लावून लोक रात्री त्याच्या मागावर असतात. त्याचे पांढरे, घट्ट मांस चविष्ट असते.

महाराष्ट्रातल्या धरणांतही रोहू, कटला, मृगळ यांचे मत्स्यबीज सोडले जाते आणि बंदी असूनही पसरलेला आफ्रिकन मागूर डोकेदुखी ठरतो. एक बादली मासे इकडून तिकडे नेल्याने काय होते, याची दोन्हीकडची गोष्ट सारखीच आहे.

बर्फ किती जाड हवा?

एका माणसाला चालण्यासाठी स्वच्छ, काचेसारखा बर्फ किमान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर जाड हवा. स्नोमोबाइलसाठी ही जाडी ५ ते ७ इंच धरतात. पांढरा, हिममिश्रित बर्फ जवळपास निम्म्याच ताकदीचा असतो. त्यामुळे तो असेल तर जाडी दुप्पट हवी.

धरणाच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. नैसर्गिक तळ्याचे पाणी हिवाळ्यात सहसा स्थिर असते. धरणातले पाणी मात्र सोडले किंवा अडवले जाते. पातळी उतरली की काठालगतचा बर्फ आधाराविना लटकतो आणि तडकतो. नदी जिथे आत येते ती जागा, भिंतीचा परिसर आणि पाण्यातले झरे इथेही बर्फ पातळ राहतो. म्हणून अनुभवी माणसे दर काही पावलांवर पहारीने बर्फ ठोकून पाहतात आणि गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजतात. एका भोकाची जाडी साऱ्या जलाशयाची नसते. सोबत एखादा साथीदार, दोर, तरंगते जॅकेट आणि पाण्यात पडल्यास बर्फात रोवून बाहेर येण्यासाठी गळ्यात अडकवलेले दोन टोकदार खिळे असावेत.

जाण्यापूर्वी काय तपासावे?

युटामध्ये १२ वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. त्यात परदेशातून आलेले पाहुणेही आले. किती आणि कोणत्या आकाराचे मासे ठेवता येतात, हे प्रत्येक जलाशयाला वेगळे असते आणि बदलतही असते, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहावी. जिवंत मासे एका पाण्यातून दुसरीकडे नेणे बेकायदा आहे. स्ट्रॉबेरी आणि फ्लेमिंग गॉर्ज या दोन्ही जलाशयांकडे पाहिले, तर हा नियम कशासाठी आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.