ऑटम सोनाटा

स्कॉटिश संगीतकार थीआ मसग्रेव्ह (जन्म १९२८, एडिंबरा) यांनी १९९३ मध्ये व्हिक्टोरिया सोम्स या वादिकेसाठी रचलेला बास क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदाचा कन्चेर्टो. नेहमीच्या क्लॅरिनेटहून एक सप्तक खाली बोलणाऱ्या या वाद्यात अडोल्फ साक्स यांनी १८३८ मध्ये मोठी सुधारणा केली. तरी पुढे दीर्घकाळ ते वाद्यवृंदात मागेच बसून राहिले. अडचण खरीच आहे. त्याचा मंद्र स्वर गहिरा, पण तंतुवाद्ये व पितळी वाद्ये एकत्र गरजली की सहज बुडणारा. वाद्यवृंदाला कधी आवरावे, यातच अशा रचनेत संगीतकाराची कसोटी लागते.

मसग्रेव्ह यांची दृष्टी मुळात नाट्याची. ‘मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स’ (१९७७) ही संगीतिका त्यांचीच. आधीच्या क्लॅरिनेट कन्चेर्टोत तर त्यांनी वादकाला वाद्यवृंदामध्ये चक्क हिंडवले आहे. येथील भटकंती मनातली. ऑस्ट्रियन कवी गेओर्ग त्राकल यांच्या कवितांतून ही रचना स्फुरली, आणि त्या कवितांतील शरदाच्या काळोखाला इतका खालचा, एकाकी आवाजच शोभतो. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय विभागात असलेले त्राकल नोव्हेंबर १९१४ मध्ये क्राकूच्या लष्करी रुग्णालयात, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी वारले.