बेघर व्यक्ती आणि भीक प्रतिबंधक कायदा: निवारा व भिक्षेकरी गृह यांतील फरक

बेघर असणे हा गुन्हा नाही. भीक मागण्याबाबत संपूर्ण देशासाठी एकच कायदा नसून अनेक राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. महाराष्ट्रात मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९ लागू आहे. हाच कायदा पुढे दिल्लीतही लागू करण्यात आला.

कायद्यात ‘भिकारी’ कोणाला म्हटले आहे?
सार्वजनिक ठिकाणी भीक मागणारी व्यक्ती. गाणे, नाच, कसरत किंवा किरकोळ वस्तू विकण्याच्या निमित्ताने भीक मागणेही यात येते. तसेच उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावी अशा अवस्थेत फिरणारी किंवा थांबलेली व्यक्तीही यात येते. त्यामुळे पदपथावर झोपणाऱ्या मजुरालाही पकडले जाऊ शकते.

कारवाई कशी होते?
पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. न्यायालय संक्षिप्त चौकशी करते. व्यक्ती भिकारी असल्याचे ठरल्यास तिला १ ते ३ वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. वारंवार आढळल्यास ही मुदत १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. मात्र समज देऊन बंधपत्रावर सोडण्याचीही तरतूद आहे.

न्यायालयाने काय म्हटले?
८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. इतरांना भीक मागायला लावणाऱ्यांविरुद्धची तरतूद कायम राहिली.

निवारा आणि भिक्षेकरी गृह
शहरी बेघरांसाठीच्या निवाऱ्यात व्यक्ती स्वेच्छेने येते व जाते. भिक्षेकरी गृहातून मात्र मुदत संपेपर्यंत किंवा सुटकेचा आदेश होईपर्यंत बाहेर पडता येत नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर १ लाख लोकसंख्येमागे १०० व्यक्तींसाठी निवारा असावा. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘स्माईल’ योजना सुरू केली.

अटक झाल्यास काय करावे?
• अटकेचे कारण विचारा. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार ते सांगणे बंधनकारक आहे.
• प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाते. तेथे आपले काम, मजुरी, मुकादम किंवा मालक आणि नातेवाईक यांची माहिती द्या.
• बंधपत्रावर सुटकेची विनंती करा.
• कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यासाठी १५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधा. नातेवाईक किंवा परिचितही संपर्क साधू शकतात.