दानाची भूमी आणि दानाचा लेख

हुडकेश्वर येथील एका विहाराची उपासक मंडळी गेल्या वर्षी वर्षावासाच्या आरंभी आमच्याकडे एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत विजेची देयके होती, कर भरल्याच्या पावत्या होत्या, मूर्ती प्रतिष्ठापनेची छायाचित्रे होती आणि सर्वांच्या तळाशी प्लास्टिकच्या आवरणात जपून ठेवलेला एक मुद्रांक कागद होता. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका उपासकाने आपला भूखंड विहारास दान दिल्याचे त्यावर लिहिलेले होते. खाली दात्याची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का होता. आता विहाराच्या जागेवर मुलांसाठी अभ्यासिका बांधावयाची होती व बांधकामाच्या परवानगीसाठी मालकीचा पुरावा हवा होता. तो कागद पुरेसा नाही, असे मंडळींना सांगण्यात आले होते. दाते हयात नव्हते. "आमच्याजवळ हाच लेख आहे. हा वाचून द्या," एवढीच त्यांची विनंती होती.

आमचा अभ्यास पालि भाषेचा व प्राचीन दानलेखांचा. जमिनीचे कागद हा आमचा प्रांत नव्हे. तरीही त्या कागदाचा शोध घेता घेता आमच्या ध्यानात आले की, दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या लेण्यांत जो प्रश्न उभा होता, तोच हुडकेश्वरच्या या विहारापुढे उभा आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार करावयाचा आहे.

हुडकेश्वर हे नागपूरच्या दक्षिणेकडील शेतीचे गाव. शहर वाढत गेले तसे शेतांचे लेआउट पडले आणि २०१३ मध्ये या गावाचा समावेश नागपूर महानगरपालिकेत झाला. अशा गावातील भूखंडाचा इतिहास शोधावयाचा तर दोन दप्तरे पाहावी लागतात. पहिले महसुलाचे. नागपूर जिल्ह्यात पूर्वी मालगुजारी पद्धत होती. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे हक्क संपुष्टात आले व १९५१ पासून त्याची अंमलबजावणी झाली. त्यानंतर तयार झालेली १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी हा विदर्भातील कोणत्याही शोधाचा पाया समजला जातो. शेत कोणाच्या नावे होते, हे तिच्यावरून कळते. तेथून पुढे एकेक फेरफार नोंद जुळवीत सातबारापर्यंत यावे लागते. दुसरे दप्तर नोंदणीचे, म्हणजे दुय्यम निबंधकाचे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मालमत्तेचे दस्त तेथील पुस्तक क्रमांक १ मध्ये उतरविले जातात. त्यांची सूची विहित शुल्क भरून कोणालाही पाहता येते. ही शेवटची गोष्ट आमच्या बहुसंख्य उपासकांना ठाऊक नसते. कागद हरवला म्हणजे सर्व संपले, असे ते समजतात. वस्तुतः दस्ताची नक्कल त्या दप्तरात असते व ती मागता येते.

मंडळींपैकी दोघा तरुणांनी हे काम अंगावर घेतले. पटवाऱ्याकडून जुने फेरफार मिळाले, निबंधक कार्यालयातून सूचीचे उतारे मिळाले. मूळ शेतकऱ्याकडून लेआउट पाडणाऱ्याकडे, त्याच्याकडून नोंदणीकृत विक्रीपत्राने दात्याकडे, अशी साखळी नीट जुळली. दात्यापर्यंत येऊन ती तुटली. दानाचा दस्त नोंदणीच्या पुस्तकात कोठेच नव्हता, कारण तो नोंदविलाच गेला नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे स्थावराचे दान नोंदणीकृत दस्तानेच करता येते. त्यावर दात्याची सही व किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन लागते. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. तीस वर्षे जेथे बुद्धवंदना होत आली, ती भूमी कागदोपत्री अद्याप दात्याच्याच नावे होती आणि त्यांच्या मागे ती वारसांची झाली होती.

येथे आम्हांला नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेखांचे स्मरण झाले. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने तेथील लेणे संघास दिले आणि वर्ष ४२ मध्ये ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हिशेब केल्यास २००० चे वार्षिक व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंचे १२ प्रमाणे २४० च होतात. दाता किती काटेकोर होता, हे यावरून दिसते. पण लेखाचे खरे महत्त्व पुढे आहे. हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविले गेले, असे तो सांगतो. म्हणजे दान आधी लोकांसमोर जाहीर झाले व मग दप्तरात चढले. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात उषवदाताने भिक्षूंच्या भोजनासाठी दिलेल्या शेताचा उल्लेख आहे. ते शेत वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांस विकत घेतले, ते त्याच्या पित्याचे होते आणि नगराच्या सीमेवर वायव्येस आहे, एवढा तपशील तेथे कोरलेला आहे. विकणारा, त्याच्याकडे मालकी कशी आली, किंमत आणि स्थान! आजच्या विक्रीपत्रात जे लागते, त्यातील बहुतेक सर्व येथे आहे.

गौतमीपुत्र सातकर्णीचे लेण्यातील दोन लेख याहून बोलके आहेत. वर्ष १८ मध्ये वैजयंतीच्या विजयी सेनेच्या तळावरून त्याने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास आज्ञा केली की, अपरकखडी गावातील, पूर्वी उषभदत्ताच्या उपभोगात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील प्रव्रजितांस द्यावे. या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, असे परिहार त्यास जोडले आणि शेत व परिहार दोन्ही नोंदवून घ्यावे, असे स्पष्ट बजावले. तोंडी आज्ञा कोणी दिली, पट्टिका कोणत्या दिवशी दिली, हेही लिहिले आहे.

सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, राजा आणि राजमाता यांच्या वतीने अमात्य श्यामक यास दुसरी आज्ञा गेली. कखडी गावी पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, अशी स्पष्ट कबुली तीत आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या स्वतःच्या गावातील १०० निवर्तने शेत भिक्षूंस देण्यात आले. जुने परिहार नव्या शेतासही लावण्यात आले आणि तेही नोंदविण्यात आले. क्षेत्र निम्मे झाले. परंतु दान कागदावरच राहिले नाही. पहिले दान निष्फळ ठरले, हे राजाने झाकले नाही. नवा लेख करून त्याने ते पुन्हा दिले.

लेख कोठे ठेवला, यालाही महत्त्व आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनाहून, दिलेला एक ताम्रपट पुण्यातील एका तांबटाच्या घराण्यात मिळाला. नागपूरचे डॉ. वा. वि. मिराशी यांनी त्यातील गावाचे स्थान हिंगणघाट परिसरात निश्चित केले. तांब्याचा लेख तांबटाच्या घरी वितळला न जाता राहिला, हे सुदैवच म्हणावयाचे. त्रिरश्मीवरील भिंत मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास वाचता येत होती. आजची निबंधकाची पुस्तके ही त्या भिंतीच्या जागी आहेत आणि कपाटातला कागद त्या ताम्रपटाच्या जागी.

विनयपिटकातही हाच विवेक आढळतो. अनाथपिंडिकाने जेतवन मागितले तेव्हा, कोटी नाणी अंथरली तरी उद्यान देणार नाही, असे जेत कुमार म्हणाला. अनाथपिंडिकाने सौदा झाला असे म्हटले, कुमाराने नाकारले, आणि वाद न्यायाधिकारी महामात्यांकडे गेला. त्यांनी निर्णय दिला की, किंमत सांगितली गेली त्या क्षणी व्यवहार पूर्ण झाला. जेतवनासारख्या पवित्र स्थळाचा आरंभही मालकीच्या निवाड्याने झाला, हे विसरता येत नाही. पुढे चुल्लवग्गात आराम, आरामाची भूमी, विहार आणि विहाराची भूमी यांची गणना अविसज्जिय, म्हणजे दुसऱ्यास देऊन टाकता न येणाऱ्या वस्तूंत केली आहे. संघाने, गणाने अथवा एका व्यक्तीने ती दिली तरी ते देणे होत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकण्यास वा दान देण्यास मनाई करते. दोन्ही नियमांचा हेतू एकच आहे. पण हे संरक्षण ज्या भूमीची नोंद न्यासाच्या नावे आहे तिलाच मिळते.

हा प्रश्न आमच्या समाजासाठी निव्वळ कायद्याचा नाही. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात गावच्या जमिनी व शिवा यांच्या बाबतीत महाराची साक्ष मान्य असल्याचे नमूद आहे. ज्याच्या शब्दावर इतरांच्या शेतांच्या हद्दी ठरत, त्याच्या स्वतःच्या नावे बहुधा जमिनीचा तुकडाही नसे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर त्याच माणसांनी पोटाला चिमटा घेऊन भूखंड घेतले आणि त्यांतले काही विहारास दिले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे स्वतः निष्णात कायदेपंडित होते आणि संस्था उभारताना घटना व नियम यांवर त्यांचा कटाक्ष असे. त्यांच्या अनुयायांनी श्रद्धेने दिलेली भूमी केवळ नोंदीअभावी वादात पडावी, ही खेदाची गोष्ट आहे.

हुडकेश्वरच्या त्या विहाराचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. दात्याच्या पश्चात दोन मुलगे व एक मुलगी. मुलांची संमती होती. मुलगी सासरी, दूरच्या गावी. तिची सही लागेल, हे कोणाच्या मनातच आले नव्हते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे. मंडळी तिच्याकडे गेली. तिने जुना कागद हातात घेऊन वडिलांची सही बराच वेळ पाहिली आणि एकच अट घातली: नव्या दस्तात, हे दान मूळ वडिलांचे होते, असे लिहावे. तसे लिहिले गेले. आधी वारसांच्या नावाचा फेरफार, मग विहाराच्या समितीची न्यास म्हणून नोंदणी, त्यानंतर तिघांनी मिळून केलेले नोंदणीकृत दानपत्र आणि शेवटी न्यासाच्या नोंदवहीत त्या मालमत्तेची नोंद, या क्रमाने काम पूर्ण होण्यास अकरा महिने लागले. दानपत्राचा मसुदा ऐकताना आम्हांला वर्ष २४ च्या लेखाचीच आठवण होत होती. पूर्वी दिलेले सफल झाले नाही, म्हणून पुन्हा देत आहोत, हाच त्याचाही आशय होता.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण एखाद्या विहाराच्या समितीवर असतील. त्यांनी येत्या पौर्णिमेस आपल्या विहाराची पिशवी उघडावी. सातबारा वा आखीव पत्रिका कोणाच्या नावे आहे, दानपत्र नोंदलेले आहे काय, न्यासाच्या नोंदवहीत जागेचा उल्लेख आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. दाते हयात असतील तर त्यांना सन्मानाने निबंधक कार्यालयात न्यावे आणि दस्त पूर्ण झाल्यावर तो उषवदाताप्रमाणे सर्व उपासक-उपासिकांच्या सभेत वाचून दाखवावा.