जळकोट ते मुंबई: विमानाची ‘57 मिनिटं’ येतात कुठून?

दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणाऱ्या साइटवर सोलापूर ते मुंबई टाकलं, की साधारण 360 किमी आणि तासाभराचा आकडा येतो. गणित म्हणून तो बरोबर आहे. पण जळकोटहून मुंबईला इंटरव्ह्यूला किंवा दवाखान्यात वेळेवर पोहोचायचं असेल, तर त्याच्या भरवशावर निघू नका.

अशा बऱ्याच साइट विमान कंपनीचं वेळापत्रक बघतच नाहीत. त्या दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी धरतात आणि हॅवरसाइन सूत्राने गोल पृष्ठभागावरचं सर्वात कमी अंतर काढतात. ते येतं सुमारे 362 किमी (रस्त्याने हेच अंतर 400 च्या आसपास भरतं). मग त्याला जेटच्या ताशी 800 किमी वेगाने भागायचं: 27 मिनिटं. वर टेकऑफ-लँडिंगचा सरसकट अर्धा तास. झाली 57 मिनिटं!

आता हेच सूत्र सोलापूर-गोवा मार्गाला लावा. जून 2025 मध्ये फ्लाय91 ने तो सुरू केला तो एटीआर या पंख्याच्या विमानाने, आणि त्याचा वेग ताशी 500 किमीच्या आसपास असतो. साइटला हे माहीतच नसतं.

त्याहून मोठा घोळ नावांचा. जळकोट दोन आहेत. एक आपलं, तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गच्या पुढे सोलापूर-हैदराबाद हायवेवर. दुसरं लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. दोघांत शंभर किमीहून जास्त अंतर आहे. नुसतं ‘जळकोट’ सर्च केलं तर मॅप कुठलंही उचलू शकतो, म्हणून ‘जळकोट, तुळजापूर’ असं टाका किंवा नकाशावर बोट दाबून धरून पिन लावा.

‘जवळचं विमानतळ’ म्हणून धाराशिव, कोड ओएमएन, दिसलं तरी खूश होऊ नका. कोड आहे म्हणून यादीत नाव आहे. तिथून नियमित प्रवासी विमानं उडत नाहीत. सोलापूरचा कोड एसएसई. मुंबईची सेवा तिथून ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली. फ्लाइट कुठल्या वारी आहे ते मात्र कंपनीच्या अ‍ॅपवरच चेक करा, कारण छोट्या मार्गांची वेळापत्रकं बदलत राहतात.

खरा हिशोब असा: जळकोट ते सोलापूर विमानतळ सव्वा तास, तिथे दीड तास आधी पोहोचायचं, विमानात साधारण तास, मुंबईत बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. म्हणजे सव्वाचार तास, आणि पुढचं मुंबईचं ट्रॅफिक वेगळंच. वंदे भारतला सोलापूरहून सुमारे साडेसहा तास लागतात. तेव्हा विमान जिंकतंच, पण त्या दिवशी फ्लाइट असेल तर. नसेल तर वंदे भारत सकाळी 6 च्या सुमारास सुटते, त्यासाठी जळकोटहून 4 लाच निघावं लागेल.