चार्लस्टन विरुद्ध न्यूज ग्रुप न्यूजपेपर्स
चार्लस्टन विरुद्ध न्यूज ग्रुप न्यूजपेपर्स हा अब्रुनुकसानीच्या कायद्यातील इंग्लंडमधील महत्त्वाचा खटला होय. ‘नेबर्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेतील अॅन चार्लस्टन व इयान स्मिथ यांचे चेहरे अश्लील छायाचित्रांतील देहांवर जोडलेली चित्रे ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने ठळक मथळ्यासह छापली. एका संगणकीय खेळात त्यांच्या संमतीवाचून हा प्रकार झाल्याचा खुलासा सोबतच्या मजकुरात होता. केवळ मथळा व चित्रे पाहणाऱ्यांच्या नजरेत आपली बदनामी झाली, असे वादींचे म्हणणे होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९५ मध्ये ते अमान्य केले. सर्वसामान्य, समंजस वाचक संपूर्ण लेखातून जो एक अर्थ घेईल, तोच कायद्याने ग्राह्य. वाचकांचे निरनिराळे गट पाडता येत नाहीत. मात्र खुलासा लेखात खाली किंवा पुढील पानावर दडवल्यास निकाल वेगळा लागू शकतो, असे लॉर्ड निकोल्स यांनी बजावले.