सिरोंचा किती लांब?

भूगोलात मला कधी पस्तिसाच्या वर मार्क मिळाले नाहीत. पण नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायची खोड मात्र लागली ती कायमची. मुंबई-नागपूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर, विमानाला दीड तास. चंद्रपूर-सिरोंचा जेमतेम १४५. म्हणजे विमान असतं तर चहा संपेस्तोवर सिरोंचा! हा हिशेब मी सिरोंच्याला मास्तर असलेल्या मोठ्या मामाला ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "बापू, कोणत्या महिन्यातलं अंतर पायजे तुले?"

ह्याचा अर्थ १९७८ च्या श्रावणात कळला. सिरोंच्याला आजी आजारी पडली. धाकटा मामा मुंबईहून विमानानं नागपूरला उतरला, तेव्हा त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. पुढं मी त्याच्यासोबत. आलापल्लीच्या अलीकडे नाल्याला पूर. लाल गाडी उभी, ड्रायव्हर झाडाखाली विडी ओढतोय, माणसं गाठोड्यांवर बसलेली.

"पाणी कधी उतरेल हो?" मामानं विचारलं.

"उतरन तेव्हा उतरन."

आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. आजी आदल्या रात्रीच गेली होती. धाकट्या मामानं त्यानंतर विमानाच्या वेळेची फुशारकी कधी मारली नाही.

तसं पाहिलं तर हे गाव मुळात लांब नव्हतंच. इंग्रजांनी १८६० मध्ये अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा केला आणि ठाणं ठेवलं सिरोंच्याला. म्हणजे साहेब दारातच! १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला, सिरोंचा चांद्याला जोडलं, आणि जागचं न हलता गाव एका हुकमानं लांब गेलं. पुढं १९४९ साली रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची, पिशव्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतायची. मुंबईचं पत्र एका रात्रीत नागपूरला! तिथून सिरोंच्याला मात्र नाल्याच्या मर्जीनं.

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. मी लगेच पट्टी काढली. गडचिरोली-सिरोंचा सुमारे १५०! मामाला म्हटलं, "मामा, सरकारनं तर तुम्हांला आणखी पाच किलोमीटर लांब नेलं!"

मामा हसला. "नेऊ दे ना बापू. चांद्याच्या साहेबाले कोळशाच्या खाणीबी पाहा लागत होत्या. ह्याच्या टेबलावर आता आमच्याच जंगलाचे कागद राह्यतीन. गाव लांब गेलं, पण साहेब जवळ आला."

आता मामा नाही. सिरोंच्याजवळ गोदावरीवर पूल झाला आहे. माझी पट्टी अजून शाबूत आहे. फक्त अंतर सांगण्याआधी मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहून घेतो.