एका खिडकीचे बारा तुकडे

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत जुन्या घराच्या खिडक्या बदलायच्या ठरल्या की नव्या काचेवर आडव्या-उभ्या शोभेच्या पट्ट्या घ्याव्यात की नाहीत, हा प्रश्न हमखास निघतो. तो वरवर आवडीनिवडीचा वाटला, तरी त्याचे उत्तर काच घडवण्याच्या इतिहासात शोधावे लागते, कारण या पट्ट्या मुळात शोभेसाठी आलेल्याच नव्हत्या.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये खिडकीसाठी जी उत्तम काच वापरली जाई, ती ‘क्राउन’ या नावाने ओळखली जाते. वितळलेल्या काचेचा गोळा फुंकनळीने फुगवून, तो सळईवर घेऊन भट्टीच्या तोंडाशी वेगाने फिरवला की त्याची सुमारे ४ ते ५ फूट व्यासाची चकती होई. मधोमध, सळई जिथून तोडली जाई तिथे, काचेची जाड गाठ उरे. ती टाळून आणि गोल कडा सोडून जे चौकोनी तुकडे कापता येत, ते लहानच असत. हे तुकडे ‘सॅश’मध्ये, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या झडपेत, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवून कडेने लांबी भरली जाई. वरच्या झडपेत सहा आणि खालच्या झडपेत सहा काचा अशी ‘सहावर सहा’ रचना त्यातूनच रूढ झाली. पट्टीच्या आतल्या अंगाला सुतार रंध्याने गोलाई देत, आणि शतकाच्या आरंभी दीड इंचाच्या आसपास जाड असलेली ही पट्टी शतक सरेपर्यंत त्याच्या निम्म्याहून बारीक झाली. लाकूड इतके सडपातळ करूनही काचेचा भार तोलणारी ही कारागिरी खरोखर असामान्य होती.

काच दुर्मीळ राहण्यात राज्यकर्त्यांचाही हात होता. इंग्लंडमध्ये १६९६ साली खिडक्यांवर आणि १७४६ साली काचेवर कर बसला. इंग्लंडच्या अमेरिकेतील वसाहतींत येणाऱ्या काचेवर १७६७ च्या टाउनशेंड कायद्यांनी जकात लादली, ती चहावरची जकात तेवढी ठेवून १७७० मध्ये उठवावी लागली. काचेवरचा कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये रद्द झाला. त्याच १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाला सुमारे ३ लाख काचा लागल्या. त्या लांब नळकांडे फुगवून, ते उभे चिरून आणि पुन्हा तापवून सपाट केलेल्या होत्या. मोठी काच आवाक्यात येताच पट्ट्या झपाट्याने कमी झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘एकावर एक’, म्हणजे प्रत्येक झडपेत एकच अखंड काच, ही घरमालकाच्या अभिमानाची गोष्ट ठरली.

नेमक्या याच काळात गरज संपलेल्या पट्ट्यांची ओढही सुरू झाली. फिलाडेल्फियातील १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनाच्या सुमारास वसाहतकालीन घरांविषयी जिव्हाळा वाढला, आणि लहान काचांची खिडकी ‘जुन्या अमेरिके’ची खूण म्हणून नव्या घरांतही बसू लागली; १९२० च्या दशकात सुरू झालेल्या विल्यम्सबर्ग या वसाहतकालीन नगराच्या जीर्णोद्धाराने ती आवड अधिकच पक्की केली. पुढे, १९५९ मध्ये, पिलकिंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली, आणि दोन काचांमध्ये पोकळी ठेवणारी हवाबंद खिडकीही घरोघरी पोचली. अशा खिडकीत बारा वेगळ्या काचा बसवणे जड आणि खर्चिक पडते, म्हणून वरून अडकवायची प्लास्टिकची जाळी किंवा दोन काचांच्या मधली चपटी पट्टी असे पर्याय निघाले.

हे दोन्ही पर्याय जुन्या घराला न्याय देत नाहीत. खऱ्या पट्टीला उठाव असतो आणि तिची सावली काचेवर पडते. मधली पट्टी मात्र सपाट काचेआड दबून जाते, आणि बाहेरून आकाशाचे प्रतिबिंब सलग दिसते. ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीला करसवलत देताना अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा अशा जाळ्या सहसा मान्य करत नाही, हे योग्यच आहे. काचेच्या दोन्ही अंगांना कायमच्या बसवलेल्या उठावदार पट्ट्या आणि पोकळीत त्यांना जुळणारी पट्टी, ही रचना मूळ खिडकीच्या बरीच जवळ जाते. १७८० च्या घराला ती हवीच; पण १८९० च्या ‘एकावर एक’ खिडक्यांच्या घरावर बारा चौकोन लादणे म्हणजे त्या घराचा खरा काळ पुसून टाकणे होय. जुन्या घराच्या मागील बाजूस किंवा माळ्यावर एखादी मूळ झडप अनेकदा शाबूत असते. तिच्यातील काचा मोजून आणि पट्टीची जाडी मापूनच नव्या खिडक्यांची मागणी नोंदवावी.